रात्री साडेदहानंतरचा फोन: अमळनेरहून जळगावला जाऊन घेतलेले उपचार

मोबाइलच्या नादावर खरोखरचे उपचार असतात, ते जळगावला मिळतात आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून झालं तसं लिहून ठेवते आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला राहते, एका पतसंस्थेत काउंटरवर काम करते, वय ३९. नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि खातेदार सगळे ओळखीचे.

मिस्टर सुरतला प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला आहेत. आमच्याकडे यात नवल नाही, गल्लीत घरटी एक माणूस सुरतला नाहीतर उधन्याला असतोच. दोन-तीन आठवड्यांनी ते येतात. घरी मी, सासूबाई आणि सातवीतला मुलगा. रात्री दहाला सुरतहून व्हिडिओ कॉल यायचा, तो आटोपला की मुलगा झोपायचा, मी ओटा पुसून आडवी व्हायची आणि फोन हातात घ्यायची. पुढचं भान नसायचं. रील, मालिकांचे तुकडे, दुसऱ्यांची स्वयंपाकघरं, आणि गंमत म्हणजे सुरतच्याच साड्यांचे लाइव्ह सेल. एकही साडी कधी घेतली नाही. नुसती बघायची, अडीच-तीन वाजेपर्यंत. सासूबाई मध्ये पाण्याला उठल्या की दारातून म्हणायच्या, "इतली रातले काय देखी राह्यनी वं माय?" मी म्हणायची, ऑफिसचा मेसेज आहे.

दिवसाही तेच. काउंटरवर दोन ग्राहकांच्या मध्ये फोन, बाथरूममध्ये फोन, कुकरची शिट्टी होईस्तोवर फोन. सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' असतं, त्यात रोजचे सात-साडेसात तास दाखवायचं. मान आखडलेली, डोळे चुरचुरत, मुलावर विनाकारण ओरडणं. नळाला पाणी यायच्या दिवशी पहाटे उठवत नसे, मग सासूबाई एकट्या हंडे भरायच्या. त्याची लाज वाटायची आणि लाज वाटली की पुन्हा फोन.

घरचे उपाय सगळे करून झाले. ॲप काढून टाकलं, चार दिवसांत परत घेतलं. टायमर लावला, तो काढायला दोन बोटं लागतात. साधा बटणांचा फोन घ्यायचा ठरवला, पण पतसंस्थेचा ग्रुप, बँकेचा ओटीपी, शाळेचे मेसेज, गॅसचं बुकिंग आणि मुख्य म्हणजे सुरतचा कॉल, सगळं याच एका फोनवर. दारू पिणारा दारूच्या दुकानावरून जाणं बंद करू शकतो. मी काय बंद करणार?

डिसेंबर २०२४ मध्ये मी पहिल्यांदा पैसे देऊन कुणाचा तरी सल्ला घेतला. ऑनलाइन जाहिरात बघून, तीही रात्री एक वाजता स्क्रोल करताना दिसलेली. गृहस्थ स्वतःला कोच म्हणवत होते. पंधराशे रुपये आधी भरायचे. पाऊण तासात त्यांनी मला आईची कर्तव्यं समजावली, पहाटे उठून ध्यान करायला सांगितलं आणि शेवटी २१ दिवसांचं बारा हजारांचं पॅकेज पुढे केलं. मी फोन ठेवला आणि त्या रात्री साडेतीनपर्यंत जागी होते. हे लिहिते आहे ते एवढ्यासाठी की, पैसे देण्याआधी समोरच्याचं शिक्षण विचारायला लाजू नका. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसच्या पुढे मानसोपचाराचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, पण त्याची आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारला की सांगतो. कोच म्हणवायला काहीच लागत नाही.

जानेवारीत मी १४४१६ ला फोन लावला. ही सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि रात्रीही चालते. नंबर पतसंस्थेत लावलेल्या एका पोस्टरवर होता, वर्षभर माझ्या पाठीमागेच लटकत होता. भाषा मराठी निवडली. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची असेल. मला वाटलं होतं ती हसेल. 'मोबाइल सुटत नाही' असं सांगायला कोण फोन करतं? तिने झोप किती, जेवण कसं, रडू येतं का, जीव द्यावासा वाटतो का, असं सगळं शांतपणे विचारलं. शेवटचा प्रश्न ऐकून मी दचकले, पण तो सगळ्यांनाच विचारतात म्हणे. मग तिने सांगितलं की जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसिक आजारांची ओपीडी असते, तिथे आधी तपासून घ्या, नुसत्या फोनकडे बघू नका.

तरी जायला फेब्रुवारी उजाडला. कारण एकच, कुणी बघितलं तर? आमच्याकडे अजून 'येड्यासना डॉक्टर' म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे, पण कायदा ओपीडीच्या बाकावर येऊन बसत नाही, तिथे शेजारच्या गल्लीतली बाई बसलेली असू शकते. घरी सांगितलं, थायरॉइड तपासायला जळगावला जाते. तेही खोटं निघालं नाही, पुढे थायरॉइड तपासलंच.

अमळनेर ते जळगाव सुरत-भुसावळ लाइनवर आहे, गाडीने तासाभराचा प्रवास. गाडी चुकली तर एसटी, तिथे बायकांना अर्ध तिकीट. दवाखान्यात आधी केसपेपर. आधार कार्ड न्या, मोबाइलही चार्ज करून न्या, कारण आभा कार्डाचा (सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचं कार्ड) कोड स्कॅन केला तर रांग थोडी आखूड होते. (मोबाइल सोडवायला आले आणि पहिली पायरी मोबाइल काढण्याची!) केसपेपरला वीस रुपये. पाटीवर 'मनोविकृतीशास्त्र विभाग' लिहिलेलं असतं. हा शब्द वाचून अर्धी माणसं परत जात असतील असं माझं मत आहे. बाकावर अडीच तास बसले. शेजारी एरंडोलकडचा एक म्हातारा होता, त्याला झोप लागत नव्हती. पलीकडे एक कॉलेजचा मुलगा आईबरोबर, फोनमध्ये मान घालून. आमच्या दोघांचं दुखणं एकच असावं.

डॉक्टर तरुण होते. पंधरा-वीस मिनिटं दिली, गर्दी बघता ती खूप होती. त्यांनी फोनबद्दल एक-दोन प्रश्न विचारले आणि मग सगळे प्रश्न माझ्याबद्दल. सकाळी उठल्यावर कसं वाटतं? आधी आवडायच्या त्या गोष्टी आता आवडतात का? हे कधीपासून? मी सांगत गेले तसतसं मलाच कळत गेलं की मिस्टरांना सुरतला जाऊन चार वर्षं झाली आणि माझं गाणं गुणगुणणं तेव्हापासून बंद आहे. फोन नंतर आला.

मी विचारलं, याला काय नाव? ते म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत गेमिंगचा विकार स्वतंत्र नावाने आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. रील बघण्याला, नुसतं इंटरनेट वापरण्याला तसं स्वतंत्र नाव अजून नाही. "पण नाव नाही म्हणून त्रास नाही असं थोडंच आहे?" त्यांच्याकडूनच कळलं की बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक आहे. मी घाबरून विचारलं, तिकडे जावं लागेल का? म्हणाले, नाही हो, तुमचं इथे होईल. केसपेपरवर त्यांनी सौम्य नैराश्य आणि झोपेचा त्रास असं लिहिलं. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइडच्या चाचण्या लिहून दिल्या. थायरॉइड ठीक, बी-१२ कमी निघालं, हिमोग्लोबिन नऊ. थकव्यातला थोडा वाटा त्याचाही होता.

सकाळची एक गोळी सुरू झाली, ती तिथल्या खिडकीवरच फुकट मिळाली. नाव सांगत नाही, कारण ते वाचून कुणी मेडिकलमधून आणेल. पहिला आठवडा मळमळ होती, तोंड कोरडं पडायचं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, बरं वाटत नाही म्हणून मध्येच सोडू नका आणि बरं वाटलं म्हणूनही सोडू नका. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी गजर व्हायच्या आधी उठले. बाकी काही चमत्कार नाही. रात्रीचा फोन तसाच होता.

समुपदेशनासाठी सरकारी ओपीडीत वेळ कमी मिळतो, आणि नोकरी सांभाळून सारखं सकाळी जाणं जमेना. डॉक्टरांनाच विचारून मी मार्चमध्ये जळगावातल्या एका खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे नाव नोंदवलं. दहा-बारा दिवसांनी नंबर लागला. एका सेशनला आठशे रुपये, पाऊण तास. एकदा समोर, एकदा व्हिडिओवर, असं ठरलं. मेडिक्लेमवाल्यांना विचारलं. मानसिक आजाराला विम्यात इतर आजारांसारखंच धरायचं असं कायदा सांगतो, पण माझ्या पॉलिसीत कुठल्याच आजाराची ओपीडी नाही, ॲडमिट झालं तरच पैसे. म्हणजे हा खर्च पदरचा.

या सायकॉलॉजिस्ट ताईंनी पहिल्या दिवशी वीस प्रश्नांचा कागद भरून घेतला. किंबर्ली यंग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ च्या सुमारास बनवलेली चाचणी आहे, प्रत्येक प्रश्नाला जास्तीत जास्त पाच गुण. त्यात एक प्रश्न असा की, हातातलं काम सोडून तुम्ही आधी ई-मेल बघता का? ई-मेल मी दिवाळीला बघते. ताई म्हणाल्या, तिथे व्हॉट्सॲप समजा. माझे साठच्या वर आले. 'हा निकाल नाही,' त्या म्हणाल्या, 'तीन महिन्यांनी परत भरू, तेव्हा ताडून बघायला हवा म्हणून.'

मला वाटलं होतं आता फोन कमी करायला सांगतील. त्यांनी उलट सांगितलं की दोन आठवडे काहीही कमी करू नका, फक्त लिहा. शंभर पानी वही. रकाने असे: वेळ, कुठे बसले होते, त्याच्या आधी काय झालं, अंगात काय जाणवलं, काय उघडलं, कधी ठेवलं, नंतर कसं वाटलं. हे लिहिणं फार कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. पण दुसऱ्या सेशनला ताईंनी वही समोर ठेवली आणि पेन्सिलने नुसते गोल करत गेल्या. एक ओळ अशी होती: 'मंगळवार, १०.४०, पलंग, यांचा कॉल संपला, छातीत जड, साड्यांचे लाइव्ह, २.१५, स्वतःचा राग.' खालची ओळ तशीच. तिच्या खालचीही. आधीच्या रकान्यात 'यांचा कॉल संपला' हे इतक्या वेळा होतं की ताईंना काही बोलावंच लागलं नाही.

मग त्यांनी विचारलं, कॉलवर काय बोलता? मी आठवू लागले. मुलाची फी. सिलिंडर आला का? हप्ता गेला का? आईला गोळ्या दिल्या का? मग 'बरं, ठेवतो'. वीस मिनिटं एकमेकांचा चेहरा बघून आम्ही हिशेब करत होतो, आणि तो चेहरा बंद झाला की मला दुसरे कुणाचे तरी चेहरे हलते ठेवावे लागत होते. मी त्या दिवशी तिथे पहिल्यांदा रडले. टेबलावर टिशूचा डबा असतो, तो का असतो ते कळलं.

पुढची दोन-तीन सेशन्स फोनवर कमी आणि या कॉलवर जास्त झाली. एकदा मिस्टरांनाही व्हिडिओवर घेतलं. ते एका खोलीत चौघं राहतात, म्हणून जिन्यात उभे राहून बोलले. वरून कुणीतरी बादली घेऊन उतरलं की थांबायचे. त्यांना आधी वाटलं मी त्यांची तक्रार करते आहे. ताईंनी ते फार हुशारीने सांभाळलं. मग तेच म्हणाले की कॉल झाल्यावर तेही दीड-दोनपर्यंत रीलच बघतात. ठरलं असं की रोजचा कॉल नऊला, सासूबाई आणि मुलासमोर, दहा मिनिटांचा. हिशेबाचं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून. आणि रविवारी दुपारी त्यांची सुट्टी असते तेव्हा आमचा दोघांचा कॉल, व्हिडिओ न लावता, मी चालत चालत.

हातोहात करायच्या गोष्टीही होत्याच. चार्जर बेडरूममधून काढून स्वयंपाकघरात. दोनशे चाळीस रुपयांचं गजराचं घड्याळ, कारण 'गजरासाठी फोन उशाशी लागतो' हे माझं मोठं कारण होतं. स्क्रीन राखाडी करून टाकली. राखाडी साडी बघायला मजा येत नाही, हे अगदी खरं. रीलचं ॲप फोनवरून काढलं, पण कायमचं बंद असं ठरवलं नाही. बघायचंच झालं तर संध्याकाळी मुलाच्या अभ्यासाच्या टॅबवर, बैठकीत, सगळ्यांसमोर. सगळ्यांसमोर ते फार वेळ बघवत नाही.

आणि ओढ लागली की काय करायचं, याचा सराव. ओढ येते तेव्हा वाटतं ती वाढतच जाणार. ताईंनी सांगितलं, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचं पाणी चढतं, पण उतरतंही. तुम्ही काठावर थांबा. घड्याळ लावून दहा मिनिटं काही करायचं नाही, ओढ अंगात कुठे जाणवते तेवढं बघायचं. पहिल्या रात्री मी चौथ्या मिनिटाला फोन आणला. पुढे जमत गेलं. कधी दहा मिनिटं संपायच्या आत झोपही लागली.

एप्रिल-मे माझ्या मदतीला आले. आमच्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो आणि सगळं गाव गच्चीवर झोपतं. फोन खाली, आम्ही वर. दिवसा गल्लीत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, मोसम. पहाटे हाटायला घ्यायचं, ऊन चढायच्या आत थापून वाळत घालायचं. हात पिठात असले की फोन धरता येत नाही. मी गेली काही वर्षं 'ऑफिस आहे' म्हणून त्यातून अंग काढून घेतलं होतं, यंदा सुट्टीच्या दिवशी बसले. गल्लीतल्या एकीने विचारलं, तब्येत सुधरली का गं? काय झालं होतं ते तिला माहीत नव्हतं, तरी विचारलं.

जूनमध्ये तो वीस प्रश्नांचा कागद परत भरला. चाळिशीच्या आत आला. रोजचा वेळ तीन तासांवर, त्यात कामाचं सगळं धरून.

मग ऑगस्ट. सुरतेचे लोक दिवाळीला एकवेळ येणार नाहीत पण कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, येतात. यंदा यांच्या कारखान्यात सुट्टी नाकारली. गल्ली भरलेली, नैवेद्याच्या रोटांसाठी दळण-कांडणाचा गोंधळ, कानबाईची गाणी, आणि आमच्या घरचा माणूस नाही. विसर्जनाच्या रात्री मी ॲप परत घेतलं आणि चार वाजेपर्यंत बघितलं. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी ताईंना मेसेज केला की सगळं वाया गेलं. त्यांनी व्हिडिओ सेशन ठेवलं आणि वही आणायला सांगितली. दोन रात्रींच्या ओळी भरल्या. आधीच्या रकान्यात काय लिहायचं ते मला विचारावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, मार्चमध्ये हे कळायला दोन आठवडे लागले होते, आता बसल्या बसल्या लिहिलंत. पुढच्या वर्षी हे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवायचे आणि त्या रात्री झोपायला नणंदेकडे जायचं, असं ठरलं. ॲप त्याच दिवशी काढलं.

घरी मी खरं काय ते सप्टेंबरमध्ये सांगितलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या की मला वाटलं होतं तुझं बाहेर काही चालू आहे. इतके महिने त्या हे मनात घेऊन हंडे भरत होत्या! मुलाला वेगळं काही सांगितलं नाही, तो स्वतःच चार्जर ओट्यावर लावायला लागला. कधी कधी विसरतो. मी ओरडत नाही, कारण ताईंनी त्याच्यावर माझा उपचार करायला मनाई केली आहे.

खर्चाचं विचाराल तर सेशन्सचे साधारण दहा हजार झाले, प्रवास आणि बी-१२ ची इंजेक्शनं मिळून आणखी दीड-दोन हजार. सरकारी ओपीडी आणि गोळ्या जवळजवळ फुकट. खासगी सेशन परवडत नसेल तर ओपीडीतच समुपदेशकाची वेळ मागा, थोडी कमी मिळते पण मिळते, आणि मधल्या काळात १४४१६ आहेच. ऑफिसात रजेसाठी कागद लागला तर ओपीडीत आल्याचा दाखला मागा. डॉक्टरांना आधी सांगितलं तर ते त्यावर आजाराचं नाव टाकत नाहीत, मला तसाच दिला.

आता सेशन महिन्यातून एकदा आहे. गोळी डॉक्टर जानेवारीपासून हळूहळू कमी करणार आहेत, तोवर दर महिन्याला जळगाव. जाणार असाल तर सोमवार टाळा, रविवारची सगळी गर्दी त्या दिवशी येते. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारपर्यंत मोकळं होता येतं. जुना केसपेपर बरोबर ठेवा, नाहीतर पहिल्यापासून सगळं परत सांगावं लागतं.